टायचा कालनिर्णय : जुन्या कपड्यांच्या दुकानातील विसावे शतक

१/
अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये वापरलेल्या कपड्यांचे दुकान नसलेले शहर विरळाच. अशा दुकानाच्या मागच्या भिंतीजवळ, कमरपट्टे आणि टोप्यांच्या शेजारी, टायांची एक दाटी लोंबत असते. किंमत नाममात्र, मूळ मालक अज्ञात. त्यांतील एक टाय १९४७ चा आणि त्याला खेटून असलेला १९७३ चा असू शकतो; दोघांची रुंदीही सारखीच भरू शकते. मग त्यांचे वय ओळखायचे कसे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात रेशमाचा व्यापार, महायुद्ध, ग्राहकहिताचे कायदे आणि गरिबीचे अर्थकारण गुंफलेले आहे. हा धागा त्या कापडी धाग्यांविषयी.

२/
आधी अडचण समजून घेऊ. संग्रहालयातील वस्तूबरोबर एक साखळी येते: ती कोणी वापरली, कोणाकडून कोणाकडे गेली, कधी दान झाली. धर्मादाय दुकानातील वस्तूची ही साखळी दाराशीच तुटते. कुणाचे कपाट रिकामे झाले, मृत्यूमुळे की घर बदलल्यामुळे, याची नोंद कोणी ठेवत नाही. उरते ती फक्त वस्तू. कागदपत्रांशिवाय वस्तूने आपली साक्ष स्वतःच द्यावी, असा हा प्रसंग असतो आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी तो उत्तम सराव आहे.

३/
गळ्याभोवतीच्या कापडाची पूर्वपीठिका थोडक्यात. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैन्यातील शिपायांच्या गळ्याशी कापड दिसते, रोममधील ट्राजनच्या स्तंभावर (इ. स. ११३) कोरलेल्या सैनिकांच्या गळ्यातही ते आहे. पण आजच्या टायची सलग वंशावळ सतराव्या शतकातील युरोपात सुरू होते. तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात (१६१८–१६४८) क्रोएशियन घोडेस्वारांची गळपट्टी फ्रेंचांच्या नजरेत भरली. 'क्रोएट' या नावावरूनच फ्रेंच भाषेत 'क्राव्हात' हा शब्द रूढ झाला आणि चौदाव्या लुईच्या दरबाराने त्या पट्टीला लेस लावून प्रतिष्ठा दिली.

४/
दरबारी क्राव्हात म्हणजे हातभर पांढरे तलम कापड. ते धुवायला, खळ घालायला आणि बांधायला नोकर लागत. एकोणिसाव्या शतकात शहरांत कारकून, बँक कर्मचारी, विमा कंपन्यांचे लेखनिक असा नवा वर्ग उभा राहिला. त्यांना रोज सकाळी स्वतःच्या हाताने झटपट बांधता येईल असे काही हवे होते. लांब, अरुंद, एका साध्या गाठीचा टाय त्यातून स्थिरावला. इंग्रजीत या गाठीला चार घोड्यांच्या गाडीवरून नाव मिळाले. टाय लावणारा माणूस यंत्राशेजारी उभा राहत नाही, कारण लोंबते कापड यंत्रात अडकते. मेजाशी बसून काम करणाऱ्यांच्या वर्गाची खूण म्हणून टाय रुजला तो असा.

५/
या टायांवरील नक्षीत एक ओळखीचा आकार वारंवार दिसतो: कोयरी. काश्मिरी शालींवरील बुट्टा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपात गेला. स्कॉटलंडमधील पेझली गावच्या मागांवर त्याची इतकी नक्कल झाली की त्या आकाराला गावाचेच नाव चिकटले. शालींची फॅशन ओसरल्यावर कोयरी रुमालांवर आणि टायांवर उतरली. ठिपक्यांच्या गळरुमालाचा 'बंडाना' हा शब्दही मूळचा बांधणीचा. बंगालमधील रेशमी रुमाल ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडात नेले, त्यांबरोबर तो गेला. बॉस्टनच्या दुकानात सापडलेला कोयरीचा टाय म्हणजे पैठणीच्या पदरावरील कोयरीचा दूरचा नातलग आहे.

६/
दुसरी मोठी नक्षी म्हणजे तिरके पट्टे. ब्रिटनमध्ये हे पट्टे शोभेपुरते नव्हते. विशिष्ट रेजिमेंट, शाळा, क्रिकेट क्लब यांचे रंग ठरलेले असत आणि हक्क नसताना ते लावणे अशिष्ट मानले जाई. ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजच्या वल्हेकऱ्यांनी १८८० मध्ये टोप्यांवरच्या फिती काढून गळ्यात बांधल्या आणि कॉलेजचा टाय जन्मला, अशी कथा सांगितली जाते.
अमेरिकेत ब्रुक्स ब्रदर्सने हेच पट्टे उलट्या दिशेने विकायला काढले. ब्रिटिश पट्टा घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजवीकडे उतरतो, अमेरिकन बहुधा उजव्याकडून डावीकडे. रंग घेतले, हक्क सांगितला नाही! अटलांटिकच्या कोणत्या काठावरचा टाय हातात आहे, याचा पहिला अंदाज येथे बांधता येतो.

७/
कालनिर्णयाचा पहिला ठाम टप्पा १९२० च्या दशकात येतो. तोवरचे टाय वापरात लवकर पिळवटत, चुरगळत, आकार सोडत. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने त्यावर उपाय शोधला व १९२४ मध्ये त्याचे पेटंट त्याच्या नावावर आले. कापड सरळ न कापता उरेब, म्हणजे ताण्या-बाण्याशी ४५ अंशांचा कोन करून कापायचे, आणि टाय तीन तुकडे जोडून शिवायचा. शिंप्याकडची उरेब पट्टी जशी ताणली जाते, तसाच असा टाय गाठ मारताना ताणला जातो आणि सोडल्यावर पुन्हा सरळ लोंबतो. आजही चांगला टाय याच पद्धतीने बनतो.

८/
म्हणून जाणकार टाय हातात घेताच तो उलटतो. पुढची बाजू फॅशन सांगते, मागची बाजू बांधणी सांगते.
• मानेच्या भागात तिरका जोड आहे का? असल्यास तीन तुकड्यांची बांधणी.
• मधली शिवण हाताची आहे की यंत्राची? हाताची असेल तर एकच सैल दोरा आतून लांबवर धावतो आणि टोकाशी त्याचा छोटा फास सोडलेला असतो. टाय ताणला की हा दोरा सरकतो, म्हणून शिवण तुटत नाही.
• आतले कापड लोकरीचे आहे की कृत्रिम?
• टोकांच्या आत अस्तर आहे का, आणि कशाचे?
ही हातशिलाई बहुतकरून स्त्रियांनी केली, कित्येकदा घरी बसून, नगावर मजुरी घेऊन. मालकाप्रमाणेच शिवणारणीचे नावही टायवर नसते. तिचा टाका मात्र असतो.

९/
आता दुकानाकडे वळू, कारण टाय तेथे आपोआप पोहोचलेला नाही. जुन्या कपड्यांचा बाजार युरोपात फार पुरातन आहे. अठराव्या शतकात लंडनच्या टॉवरजवळ रोझमेरी लेनमध्ये 'रॅग फेअर' भरे. एकोणिसाव्या शतकात पेटिकोट लेनची ख्याती होती. हेन्री मेह्यूने शतकाच्या मध्यावर लंडनच्या श्रमिकांचे जे वर्णन केले, त्यात दारोदार फिरून जुने कपडे घेणारे फेरीवाले ठळक आहेत. त्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते, कारण अनेक प्रतिष्ठित धंद्यांची दारे त्यांना बंद होती. जुने कपडे रोग पसरवतात ही भीती आणि ज्यूंविषयीचा द्वेष एकमेकांत मिसळून या धंद्याला कलंक लागला.

१०/
तोच व्यवहार धर्मसंस्थांनी हाती घेतला, तेव्हा त्याला पुण्यकर्माचे रूप आले. साल्वेशन आर्मीच्या विल्यम बूथने १८९० मध्ये घरोघरचा टाकाऊ माल गोळा करून बेरोजगारांना काम देण्याची योजना मांडली. बॉस्टनमध्ये मेथडिस्ट धर्मोपदेशक एडगर हेल्म्स याने १९०२ मध्ये श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे गोणपाटाच्या पिशव्यांत जमवले, गरीब स्थलांतरितांकडून ते दुरुस्त करून घेतले, त्यांना मजुरी दिली आणि तयार माल स्वस्तात विकला. हीच पुढे 'गुडविल' संस्था झाली. माल तोच, गिऱ्हाईकही बरेचसे तेच. फेरीवाल्याच्या हाती जे हीन ठरे, ते येथे प्रतिष्ठित ठरले.

११/
ब्रिटनमध्ये १९४२ साली ऑक्सफर्ड येथे दुष्काळनिवारणासाठी एक समिती स्थापन झाली, तीच ऑक्सफॅम. युद्धाने उपासमार झालेल्या ग्रीससाठी तिने मदत मागितली. वस्तूंचा ओघ इतका आला की उरलेल्या वस्तू विकण्यासाठी १९४७-४८ च्या सुमारास ब्रॉड स्ट्रीटवर कायमचे दुकान उभे राहिले. १९५१ मध्ये हीच संस्था बिहारमधील दुष्काळाच्या मदतीला आली. ऑक्सफर्डमधल्या कपाटातून निघालेल्या वस्तूंचे पैसे गंगेकाठच्या धान्यापर्यंत पोहोचू शकतील, असा मार्ग आता तयार झाला होता.

१२/
टायच्या इतिहासातील सर्वांत मोठा सांधा १९४१ चा. अमेरिकेत येणारे कच्चे रेशीम बहुतांशी जपानी होते. १९४१ च्या उन्हाळ्यात जपानशी व्यापार गोठला. शिल्लक रेशीम सरकारने पॅराशूट आणि तोफांच्या दारूच्या पिशव्यांसाठी राखून ठेवले. टाय उत्पादक रेयॉनकडे वळले. लगद्यापासून बनणारा हा धागा आधीपासून होताच. 'कृत्रिम रेशीम' हे नाव सोडून अमेरिकी उद्योगाने १९२४ मध्ये त्याला 'रेयॉन' म्हणायला सुरुवात केली होती. म्हणून टायवरील लेबलात 'रेयॉन' हा शब्द असेल, तर तो टाय १९२४ च्या अलीकडचा, एवढे तरी निश्चित.

१३/
ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग लागू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळत. सरकारने ठरवलेल्या काटकसरीच्या नमुन्यांनुसार बनलेल्या मालावर 'सीसी ४१' ही खूण छापली जाई. तिच्यातील दोन 'सी' चीजच्या कापलेल्या चकत्यांसारखे दिसतात. ही खूण १९५२ पर्यंत चालली. एखाद्या कपड्यावर ती दिसली की अकरा वर्षांची चौकट हाती येते.
युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकाला सरकारकडून नागरी पोशाख मिळे: सूट, शर्ट, बूट, टोपी आणि एक टाय. शांततेच्या गणवेशात टाय गृहीतच होता.

१४/
अमेरिकेत युद्धकाळातील निर्बंधांनी पुरुषांच्या सुटातील लोकरीला कात्री लावली. विजारीच्या दुमडी गेल्या, दुहेरी बटणांच्या कोटाखालचे जाकीट गेले. सैन्यातून परतलेल्यांनी वर्षानुवर्षांच्या खाकीचा सूड टायवर उगवला. चार-साडेचार इंचांपर्यंत रुंद, भडक रंगांचे, हाताने रंगवलेले टाय आले: ताडाची झाडे, गळाला लागलेले मासे, घोडे, गगनचुंबी इमारती. साल्वादोर दालीसारख्या चित्रकारानेही १९४० च्या दशकात टायसाठी चित्रे केली. एस्क्वायर मासिकाने १९४८ मध्ये या ठसठशीत पोशाखाला 'बोल्ड लुक' असे नाव देऊन त्याचा पुरस्कार केला.

१५/
त्यानंतर लंबक उलटा गेला. १९५० च्या दशकात कोटाची कॉलर अरुंद झाली, तसा टायही आक्रसला. साठीच्या आरंभी तो दीड-दोन इंचांवर आला. मग लंडनमध्ये मायकेल फिश याने पुन्हा रुंद टाय आणला. त्याच्या आडनावावरील कोटी आणि टायचा पसरट आकार यांमुळे त्याला 'किपर', म्हणजे चिरून धुरावलेला हेरिंग मासा, असे नाव पडले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमधील एका खणातून रुंद टाय विकणारा एक तरुण पुढे आला. त्याचे नाव राल्फ लॉरेन.

१६/
येथेच नवशिका फसतो. रुंद टाय म्हणजे चाळीसचे दशक, अरुंद म्हणजे साठचे, हे सूत्र अर्धेच खरे आहे. सत्तरच्या दशकातील टायही चार-पाच इंच रुंद होते. ऐंशीच्या आरंभी अरुंद टाय पुन्हा आला.
मग लांबी पाहावी. चाळिशीतील विजारी कमरेच्या वर, जवळजवळ बरगड्यांखाली बसत. त्यामुळे टाय आखूड असे, बहुधा पन्नास इंचांच्या आसपास किंवा त्याहून कमी. सत्तरीतील विजार खाली उतरली, टाय पंचावन्न इंचांपलीकडे गेला. चाळिशीचा टाय हातात हलका, सळसळता लागतो. सत्तरीचा जाड, भरीव आणि पुष्कळदा पॉलिस्टरचा असतो.

१७/
यातून एक उपयुक्त नियम निघतो. रुंदी चक्रासारखी फिरते. रसायन आणि कायदा सरळ रेषेत चालतात.
पॉलिस्टरचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ मध्ये लागला. 'टेरिलीन' आणि 'डेक्रॉन' ही व्यापारी नावे बाजारात आली ती युद्धानंतर, पन्नाशीच्या दशकात. डेक्रॉनचा टाय १९४० चा असणे अशक्य.
अमेरिकेत १९५८ मध्ये संमत झालेला आणि मार्च १९६० पासून लागू झालेला कायदा सांगतो की कापडात कोणता धागा किती टक्के आहे हे लेबलवर लिहिलेच पाहिजे. त्यामुळे 'शंभर टक्के रेशीम' असे नियमबद्ध लेबल दिसले की साठीनंतरची शक्यता वाढते. 'आरएन' अक्षरांपुढे क्रमांक असेल, तर तो उत्पादकाचा नोंदणी क्रमांक. ही पद्धत पन्नाशीच्या दशकापासूनची.

१८/
लेबल उसवलेले असेल तर? मागच्या शिवणीतला एक सुटा धागा पुरतो. तो चिमट्यात धरून पेटवला तर रेशीम केस जळल्याचा वास देते, ज्योत दूर होताच बहुधा विझते आणि मागे चुरगळणारी काळी राख उरते. रेयॉन कागदासारखा भराभर जळतो आणि वासही कागदाचाच येतो. पॉलिस्टर वितळून आकसते. थंड झाल्यावर कडक मणी उरतो. अर्थात ही परीक्षा विकत घेतलेल्या टायवर घरी करायची, दुकानात नव्हे. भेसळीच्या धाग्यांत तिचा निकाल सावधपणे घ्यावा लागतो.

१९/
एवढे सगळे जमले, तरी सर्वांत कठीण प्रश्न राहतोच: जे टाय सापडतात ते त्या काळाचे प्रतिनिधी आहेत का?
बहुधा नाहीत. जो टाय माणसाने रोज लावला, तो गाठीच्या जागी झिजला, डागाळला आणि केराच्या टोपलीत गेला. वाढदिवसाला किंवा नाताळात भेट आलेला, एकदाही न लावलेला भडक टाय मात्र पेटीत सुरक्षित राहिला. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी रेशीम वजनदार करण्यासाठी धातूंचे क्षार वापरत. असे रेशीम काळाच्या ओघात आपोआप फाटते. आजची रॅक पाहून 'चाळिशीत सगळेच माशांचे टाय लावत' असा निष्कर्ष काढला, तर तो लोकांनी काय वापरले याचा इतिहास नसून काय वापरले नाही याचा इतिहास ठरेल. साधने टिकतात ती एका चाळणीतून. ती चाळणी ओळखणे हे इतिहासकाराचे पहिले काम.

२०/
गिऱ्हाईकही बदलले. आरंभी ही दुकाने नाइलाजाने येणाऱ्यांची होती. मंदीच्या काळात नोकरीच्या मुलाखतीसाठी बेकार माणूस तेथूनच कोट आणि टाय घेई. १९६० च्या दशकात सुस्थितीतील तरुणांनी जुने कपडे हौसेने घालायला सुरुवात केली. लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर जुने लष्करी डगले फॅशन म्हणून विकले जाऊ लागले. १९७७ च्या 'ॲनी हॉल' चित्रपटात डायान कीटनने पुरुषी जाकीट आणि टाय घातला आणि मुलीही पुरुषांच्या टायांच्या शोधात निघाल्या. मद्याच्या हंगामासाठी असलेला 'व्हिंटेज' हा शब्द कपड्यांना लागला, आणि जे 'वापरलेले' म्हणून स्वस्त होते ते 'व्हिंटेज' म्हणून महागले. निवडीने जुने घालणारा आणि नाइलाजाने जुने घालणारा, दोघांचा हात एकाच रॅकवर पडू लागला.

२१/
महाराष्ट्रात जुन्या कपड्यांचा मार्ग वेगळा होता. बोहारीण दारात येई, लुगडी-धोतरांच्या बदल्यात भांडी देई. फारच विरलेले कापड गोधडीत जाई. टाय या चक्रात जवळजवळ नव्हताच. ज्याला मराठीत थट्टेने 'कंठलंगोट' म्हटले गेले, तो मूठभर लोकांपाशी होता आणि त्याचा अर्थही निराळा होता. १८८८ मध्ये लंडनला गेलेल्या गांधींनी आत्मकथेत कबूल केले आहे की टाय नीट बसवण्यासाठी ते रोज दहा मिनिटे आरशापुढे घालवत. पुढे त्यांनी तो टाकला. उलट डॉ. आंबेडकरांनी सूट आणि टाय सोडला नाही. ज्या समाजाला चांगले कपडे घालण्याचीही मनाई होती, त्याच्या नेत्याच्या गळ्यातील टाय ही साहेबाची नक्कल नव्हती. तो समतेचा उघड दावा होता. एकच वस्तू एकासाठी त्यागायची, दुसऱ्यासाठी मिळवायची. फक्त रुंदी मोजून हा फरक कळत नाही.

२२/
अमेरिकेतील टाय उत्पादकांची संघटना २००८ मध्ये बंद झाली. कचेऱ्यांतून टाय ओसरत गेला, तसे वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत टायांचे ढीग वाढले. आज तेथे लोंबत असलेली ती दाटी म्हणजे एका संपत आलेल्या शतकाचे विखुरलेले दप्तर आहे.
तरीही एक नोंद कधी कधी शाबूत सापडते. जुना टाय उजेडात आडवा धरला की मानेपासून काही अंतरावर कापडाचा एक पट्टा किंचित चकाकतो, कडांना विरलेला दिसतो. वर्षानुवर्षे, रोज सकाळी, त्याच जागी, एका माणसाने गाठ मारली होती. त्याचे नाव कळत नाही. तो रोज कामावर जात होता, एवढे कळते.